हाती किल्ली, तोंडाला कुलूप

हॅकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? अंधाऱ्या खोलीत बसलेला, डोक्यावर टोपडं ओढलेला एखादा तरुण, समोर तीन-चार स्क्रीन आणि त्यावर पळणारे हिरवे आकडे. सिनेमावाल्यांनी हे चित्र आपल्या मनात इतकं पक्कं बसवलंय की, या क्षेत्राच्या पायाभरणीत दोन मुलांच्या एका आईचा मोठा हात होता असं सांगितलं तर पटकन विश्वास बसणार नाही. तिच्याकडे ना कॉम्प्युटर होता ना गणिताची पदवी. इंग्रजी साहित्य घेऊन पदवीधर झालेली बाई! (आर्ट्सला जाणाऱ्या मुलींना ‘पुढे काय करणार’ असं विचारणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.) कागदावर पेन्सिलीनं अक्षरं मांडत तिनं आधी दारूच्या तस्करांची, मग अफूवाल्यांची आणि शेवटी हिटलरच्या हेरांची गुपितं उघडी पाडली. तिचं नाव एलिझेबेथ फ्रीडमन.

नावात छपाईची चूक नाही बरं का! अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हंटिंग्टन नावाच्या गावी २६ ऑगस्ट १८९२ रोजी तिचा जन्म झाला. नऊ भावंडांतली ही सर्वांत धाकटी. लोक ‘एलिझाबेथ’चं ‘एलायझा’ करून टाकतात, ते आईला मुळीच आवडायचं नाही. म्हणून तिनं स्पेलिंगमधल्या ‘ए’च्या जागी ‘ई’ घातला. एका अक्षरानं किती फरक पडतो, याचा पहिला धडा लेकीला बारशालाच मिळाला म्हणायचा.

वडील कडक शिस्तीचे. मुलीनं कॉलेजात जायची गरज काय, हे त्यांचं ठाम मत. एलिझेबेथनं हट्ट सोडला नाही तेव्हा त्यांनी पैसे दिले, पण कर्जाऊ. पोटच्या मुलीला शिक्षणासाठी दिलेल्या पैशावर सहा टक्के व्याज! तिनं तेही कबूल केलं. १९१५ मध्ये मिशिगनमधल्या हिल्सडेल कॉलेजातून ती पदवी घेऊन बाहेर पडली आणि एका छोट्या गावात शाळेत नोकरी करू लागली. पण तिथं मन रमेना. पुढच्याच वर्षी नोकरी सोडून तिनं शिकागोची वाट धरली.

तिथल्या न्यूबेरी ग्रंथालयात शेक्सपिअरच्या नाटकांची १६२३ सालची छापील प्रत ठेवलेली होती. ती बघायला ही गेली. बोलता बोलता ग्रंथपाल बाईंना कळलं की मुलगी नोकरीच्या शोधात आहे. त्यांनी जॉर्ज फेबियन नावाच्या एका लहरी धनिकाला फोन लावला. हे गृहस्थ लगोलग आलिशान मोटार घेऊन हजर झाले आणि तिला जवळजवळ उचलूनच आपल्या रिव्हरबँक नावाच्या वाडीवर घेऊन गेले. आपल्याकडे अशा माणसाच्या गाडीत कुणी लेकीला बसू दिलं नसतं, आणि तेव्हा तिकडेही ते काही बरं दिसत नसणार.

फेबियनला नाद होता विचित्र गोष्टींचा. रिव्हरबँकवर त्यानं प्रयोगशाळा काढल्या होत्या आणि तऱ्हेतऱ्हेची विद्वान मंडळी पोसली होती. त्यात एक वयस्कर बाई होत्या, एलिझाबेथ गॅलप. शेक्सपिअरची नाटकं खरं तर फ्रान्सिस बेकननं लिहिली आणि छपाईच्या दोन तऱ्हेच्या अक्षरांमधून त्यानं तसा गुप्त मजकूर पेरून ठेवला, असा या बाईंचा सिद्धांत. नव्या मुलीनं त्यांना मदत करायची होती. एलिझेबेथ भिंग घेऊन रात्रंदिवस बसली, पण गॅलपबाईंना दिसायचं ते हिला काही केल्या दिसेना. हळूहळू तिच्या लक्षात आलं की त्या बाई लबाड नव्हत्या, त्यांना जे दिसावंसं वाटत होतं तेच त्यांना दिसत होतं. गुपितं उकलणाऱ्यानं सगळ्यांत आधी स्वतःच्या मनापासून सावध राहायचं, ही गोष्ट ती तिथं शिकली आणि कधी विसरली नाही.

तिथंच तिला विल्यम भेटला. विल्यम फ्रीडमन हा रशियातून लहानपणी अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातला मुलगा. रिव्हरबँकवर तो बी-बियाण्यांवर, आनुवंशिकतेवर काम करायचा आणि गॅलपबाईंसाठी पुस्तकांच्या पानांचे फोटो काढून द्यायचा. त्यालाही त्या सिद्धांतात काही राम वाटत नव्हता. दोघांचं जमलं ते असं, एका खोट्या गुपिताच्या नादानं! मे १९१७ मध्ये त्यांनी लग्न केलं. ती ख्रिश्चन, तो ज्यू. त्याच्या घरच्यांना हे लग्न फार लागलं.

त्याच सुमारास अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सरकारच्या लक्षात आलं की शत्रूचे सांकेतिक संदेश वाचू शकेल असं आपल्याकडे जवळपास कुणीच नाही. फेबियननं आपली माणसं देऊ केली. आणि मग या पंचविशीतल्या जोडप्याकडे सरकारी खात्यांचे संदेश येऊ लागले.

मैत्रिणींनो, हे काम नेमकं कसं चालतं? लहानपणी आपण सगळ्याच जणी ‘च’ची भाषा बोललोय. कमळचं ‘चमळक’ करायचं आणि मोठ्यांसमोर बिनधास्त बोलायचं. पण थोडं ऐकलं की आजीला बरोबर कळायचं, कारण प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला ‘च’ यायचा. गुप्तलिपीचंही तसंच. कितीही अक्षरं बदला, भाषेच्या सवयी जात नाहीत. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सर्वांत जास्त येतं, काही अक्षरं जोडीजोडीनं फिरतात. तेव्हा खूण कोणती वारंवार येते ते मोजायचं, कुणाशेजारी कोण बसतं ते बघायचं. आणि भाषेपेक्षाही माणसाच्या सवयी जास्त उपयोगी पडतात. लिहिणारा कंटाळतो, तीच किल्ली पुन्हा वापरतो, पत्राची सुरुवात नेहमीसारखीच करतो. एलिझेबेथची सगळी कमाई या कंटाळ्यावर आणि सवयींवर झाली. आजही चोर आपला पासवर्ड शोधतो तो असाच. मुलाचं नाव आणि जन्मसाल, बहुतेकींचा पासवर्ड हाच की नाही?

या काळातली एक गोष्ट मात्र आपल्याला जराशी टोचणारी आहे. अमेरिकेत राहून इंग्रजांविरुद्ध उठावाची तयारी करणाऱ्या गदर चळवळीतल्या भारतीयांची पत्रं रिव्हरबँकला आली. आपले विष्णू गणेश पिंगळे आणि पांडुरंग खानखोजे ज्या चळवळीशी जोडलेले होते, तीच ही. पत्रांत नुसते आकडे होते आणि त्यांचा अर्थ एका पुस्तकाच्या पानांत दडलेला होता. पुस्तक हाती नसतानाही फ्रीडमन मंडळींनी आकड्यांवरून मजकूर जुळवत आणला. सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यात विल्यमनं साक्ष दिली, अनेकांना शिक्षा झाल्या. त्यांच्यासाठी ती कागदावरची आकडेमोड होती, पलीकडच्या माणसांसाठी आयुष्य. हे काम करणाऱ्याला आपण कुणाची दारं उघडतोय याचा प्रत्येक वेळी विचार करता येतोच असं नाही. वाचताना मी तरी या पानावर थोडी थांबले.

युद्ध संपलं. फेबियन त्यांना सोडायला तयार नव्हता, पण अखेर दोघं तिथून निसटली आणि १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लष्कराच्या नोकरीत लागली. काम दोघांचं सारखंच, पगार मात्र तिला नवऱ्याच्या जवळपास निम्मा. १९२३ मध्ये बार्बरा झाली, १९२६ मध्ये जॉन. एलिझेबेथनं नोकरी सोडली, घरी बसून मुलांसाठी अक्षरांच्या जन्माची गोष्ट सांगणारं पुस्तक लिहायला घेतलं. पण सरकार काही तिला घरी बसू देईना!

अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, १९२० पासून १९३३ पर्यंत. दारूबंदी आली की चोरटी दारू आलीच, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. समुद्रातून जहाजं भरभरून दारू यायची आणि जहाजांना बिनतारी यंत्रावरून गुप्त संदेश जायचे. तटरक्षक दलाकडे न उकललेल्या संदेशांचा ढीग साचला होता. १९२५ मध्ये त्यांचा अधिकारी तिच्या दाराशी आला. तिनं अट घातली, काम घरी बसून करीन. कागदांची पिशवी घरी यायची, मुलं सांभाळायला एक बाई होती. पहिल्या तीन महिन्यांत तिनं दोन वर्षांची थकबाकी फेडून टाकली. पुढच्या तीन वर्षांत तिनं आणि तिच्या मदतनिसानं मिळून सुमारे १२,००० संदेश उलगडले. तस्कर शहाणे झाले, बाजारात मिळणारी व्यापारी कोडबुकं वापरून त्यावर पुन्हा दुसरा कोड चढवू लागले. तिनं तोही सोडवला. १९३१ मध्ये तिनं वरिष्ठांना पटवलं की हे एकट्या-दुकट्याचं काम नाही, आणि तिच्या हाताखाली एक छोटा विभाग उभा राहिला. नव्या मुलांना तिनंच शिकवून तयार केलं.

मग कोर्टाच्या फेऱ्या सुरू झाल्या. १९३३ मध्ये न्यू ऑर्लिन्सला एका बड्या टोळीवर खटला उभा राहिला तेव्हा मुख्य साक्षीदार होती ही. बचावाचे वकील एकामागून एक उठून हरकती घेत होते. बाईचं सगळं अंदाजपंचे आहे असा त्यांचा रोख. एलिझेबेथनं न्यायाधीशांकडे फळा मागितला. आणि भर कोर्टात, शाळेत शिकवावं तसं तिनं ज्यूरीला अक्षरं मांडून दाखवली. टोळीच्या म्होरक्यांना शिक्षा झाली. ‘आय अ‍ॅम अलोन’ नावाचं कॅनडाचा झेंडा लावलेलं एक जहाज अमेरिकेनं १९२९ मध्ये बुडवलं होतं. त्यावरून दोन देशांत मोठं भांडण लागलं, तेव्हा जहाजाचे खरे मालक अमेरिकेतलेच होते हे तिनं उकललेल्या संदेशांवरूनच सिद्ध झालं. कॅनडातल्या अफूच्या तस्करांचे चिनी भाषेतले संदेशही तिनं फोडले, आणि तिला चिनी येत नव्हती!

आता वर्तमानपत्रं तिच्या मागे लागली. लिहायची काय? तर तिचे कपडे कसे होते, टोपी कशी होती, बाई दिसायला किती नाजूक. आणि बहुतेकांचा समज असा की हे सगळं तिला नवऱ्यानं शिकवलं असणार. याची तिला फार चीड यायची. प्रसिद्धी तिला नकोच होती, कारण नाव छापून आलं की तस्कर सावध होऊन कोड बदलत आणि हिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

घरी मात्र गंमत असायची. फ्रीडमन दांपत्याकडचं जेवण म्हणजे कोडी सोडवायची. पाहुण्यांना आधी एक सांकेतिक चिठ्ठी द्यायचे. ती उलगडली की कळायचं सूप कुठल्या हॉटेलात प्यायचं. तिथं दुसरी चिठ्ठी, मग पुढचा पदार्थ. ज्याला सुटणार नाही त्यानं उपाशी राहायचं की काय कोण जाणे!

दुसरं महायुद्ध आलं आणि ही गंमत संपली. विल्यम लष्कराच्या गुप्तलिपी विभागाचा प्रमुख होता. जपान्यांच्या ‘पर्पल’ नावाच्या यंत्रावर त्याचे लोक दीड वर्ष झटत होते. सप्टेंबर १९४० मध्ये ते यंत्र त्यांनी उकललं आणि काही महिन्यांतच विल्यम मनानं कोसळला. झोप नाही, कुणाशी बोलता येत नाही. १९४१ च्या सुरुवातीला त्याला लष्करी रुग्णालयाच्या मनोरुग्ण विभागात जवळपास तीन महिने ठेवावं लागलं. आता विचार करा, नवरा नेमक्या कशानं मोडला हे तो बायकोला सांगू शकत नाही, कारण शपथ आहे. आणि बायको दिवसभर काय करते हे ती त्याला सांगू शकत नाही, कारण तिलाही शपथ आहे. एकाच छपराखाली देशातली सर्वांत तल्लख दोन डोकी, दोघं एकाच विद्येतले, आणि जेवणाच्या टेबलावर त्याविषयी अवाक्षर नाही. मुलं वयात आलेली. हिनं रुग्णालयात जायचं, घर बघायचं, आणि सकाळी पुन्हा ऑफिस गाठायचं. विल्यमचं दुखणं पुढं आयुष्यभर अधूनमधून उफाळत राहिलं आणि प्रत्येक वेळी ती भिंतीसारखी उभी राहिली. त्या काळी मनाच्या आजाराला लोक वेड म्हणायचे, नोकरी जायची. त्यामुळे ही गोष्टही झाकून ठेवावी लागली. गुपितांवर आणखी एक गुपित.

तिचं स्वतःचं काम काय होतं? दक्षिण अमेरिकेत, ब्राझील-अर्जेंटिनात, नाझींच्या हेरांचं जाळं पसरलेलं होतं. कोणतं जहाज कधी निघालं, ते बिनतारी संदेशांतून जर्मनीला कळवायचे आणि मग पाणबुड्या त्या जहाजांच्या मागावर जायच्या. एलिझेबेथचा विभाग हे संदेश पकडून वाचायचा. काही संदेश कादंबरीच्या पानांच्या आधारे लिहिलेले, तर काही जर्मनांच्या प्रसिद्ध ‘एनिग्मा’ यंत्रातून निघालेले. तिच्या माणसांनी अशी तीन एनिग्मा यंत्रं उकलली. इथंही माणसाची सवयच कामी आली: पाठवणाऱ्यांनी एकाच मांडणीत बरेच संदेश पाठवले होते. ते एकाखाली एक लिहून तिचे लोक यंत्राच्या पोटात शिरले. मार्च १९४२ मध्ये ‘क्वीन मेरी’ हे जहाज ८,००० हून अधिक सैनिक घेऊन ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ होतं आणि हेरांनी तशी खबर धाडली होती. ती खबर वाचली गेली आणि जहाज सुखरूप निसटलं. युद्धभर तिच्या विभागानं हेरांच्या ४८ बिनतारी मार्गांवरचे सुमारे ४,००० संदेश वाचले.

आणि याच काळात, १९४१ मध्ये, तिचा विभाग नौदलाकडे गेला. ज्या विभागाचा पायाच तिनं रचला, त्याच्या प्रमुखपदी गणवेशातला एक अधिकारी आला आणि ती दुसऱ्या क्रमांकावर. तिनं वाद घातला नाही, कामाला लागली.

तिला खरा मनस्ताप दिला तो एफबीआय या तपास यंत्रणेनं. त्यांचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना धरपकडीची घाई. १९४२ च्या मार्चमध्ये ब्राझीलमधल्या हेरांना पकडवून त्यांनी वाहवा मिळवली. पण त्यामुळे बाकीच्या हेरांना कळलं की आपले संदेश कुणीतरी वाचतंय! सगळे कोड बदलले गेले आणि जहाजं समुद्रात असताना तिच्या लोकांना सगळं पुन्हा उकलत बसावं लागलं. तिचा नियम साधा होता, दाराआडून ऐकणाऱ्यानं खोकायचं नसतं. हूवरना मात्र टाळ्या हव्या होत्या.

न्यूयॉर्कच्या एका बाहुलीवाल्या बाईची हकीकतही यातलीच. व्हेलवली डिकिन्सन मॅडिसन अव्हेन्यूवर बाहुल्यांचं दुकान चालवायची आणि बाहुल्यांविषयी पत्रं अर्जेंटिनाला पाठवायची. पत्ता चुकीचा म्हणून ती पत्रं परत आली आणि संशय बळावला. बाहुल्या म्हणजे युद्धनौका होत्या! एका पत्रात शॉ नावाच्या आजारी गृहस्थांची चौकशी होती. शॉ हे पर्ल हार्बरला जखमी झालेल्या युद्धनौकेचं नाव. ही पत्रं कशी वाचायची याबाबत एलिझेबेथचा सल्ला घेतला गेला. डिकिन्सनला १९४४ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांत श्रेय पुन्हा एफबीआयचं.

युद्ध संपल्यावर हूवर यांच्या माणसांनी हेर पकडल्याच्या कहाण्या थाटामाटात सांगितल्या. खरं कुणी केलं हे जिला माहीत होतं, तिनं मरेपर्यंत तोंड न उघडण्याची शपथ घेतलेली. कागदांवर गुप्ततेचे शिक्के बसले, पेट्या कोठारात गेल्या. मुलांनाही आई काय करत होती ते धड ठाऊक नव्हतं. विभाग बंद झाल्यावर तिनं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे संदेश सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था बसवून दिली. आयुष्यभर दुसऱ्यांची कुलपं उघडणारी बाई आता कुलपं घडवत होती. आज बँका आणि सरकारं ज्या कामासाठी माणसांच्या पलटणी ठेवतात, तेच हे काम.

१९५७ मध्ये नवरा-बायकोंनी मिळून शेक्सपिअरवरच्या त्या जुन्या सिद्धांताची चिरफाड करणारं पुस्तक काढलं. इतक्या वर्षांनी दोघांना उघडपणे एकत्र काम करता आलं! त्यातही खोडी केलीच: एका पानावर तिरप्या अक्षरांमध्ये, बेकनच्याच पद्धतीनं, ही नाटकं मी लिहिलेली नाहीत असं बेकनच्या सहीनिशी लपवून ठेवलं. पण सुख लाभायचं नव्हतं. १९५८ च्या डिसेंबरात सरकारी माणसं घरी आली आणि विल्यमच्या खासगी संग्रहातले कागद गुप्त ठरवून उचलून घेऊन गेली. ज्या माणसानं या विद्येत सरकारला शिकवलं, त्याच्याच घरातून! तो पुन्हा खचला.

नोव्हेंबर १९६९ मध्ये विल्यम गेला. त्यानंतर ती कशाला लागली असेल? त्याचे कागद लावायला. एकेक कागद, त्यावर टिपण, क्रमांक. सगळा संग्रह तिनं व्हर्जिनियातल्या मार्शल ग्रंथालयाला दिला. तिचे स्वतःचेही २२ खोके त्यासोबत गेले, पण तिचा वेळ गेला तो त्याच्या खोक्यांवर. पतीचं नाव जगात राहावं ही धडपड, आणि स्वतःच्या युद्धातल्या कामाविषयी चकार शब्द नाही. मला विचाराल तर हा तिचा मोठेपणा होताच, पण तिच्यावर झालेला अन्यायही होता. ३१ ऑक्टोबर १९८० रोजी ती वारली, ८८ व्या वर्षी. तेव्हा जगाच्या लेखी ती होती, दारूवाल्यांना पकडून देणारी आणि एका मोठ्या माणसाची बायको.

युद्धकाळातल्या फायलींवरचे शिक्के उघडले ते पुढच्या काही दशकांत. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं तिला आपल्या सन्मान दालनात जागा दिली. २०१९ मध्ये सिनेटनं तिच्या गौरवाचा ठराव केला.

विल्यम गेला तेव्हा आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीतल्या त्याच्या दगडावर काय कोरायचं ते तिनंच ठरवलं होतं. ज्ञान हीच शक्ती, अशा अर्थाची बेकनच्या नावाची ओळ. येणारे-जाणारे ती वाचून पुढे जायचे. नंतर तिचंही नाव त्याच दगडावर आलं. २०१७ मध्ये एका अभ्यासक बाईंनी ती अक्षरं जवळून न्याहाळली तेव्हा लक्षात आलं की काही अक्षरांना टोकाशी बारीक रेघा आहेत आणि काहींना नाहीत. दोन तऱ्हेची अक्षरं, रिव्हरबँकला गॅलपबाई शोधायच्या तशीच! ती मांडून पाहिली तर त्यातून विल्यमच्या नावाची तीन आद्याक्षरं निघाली.